शिवारातल्या पाइपलाइनला सातबारावर जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीची काढणी उरकून शिवार मोकळे झाले, की गावोगावी पाइपलाइनचे चर खणायला सुरुवात होते. गोदावरी, प्रवरा, कृष्णा, वारणा यांच्या काठावरून, तलावाखालच्या विहिरीवरून किंवा स्वतःच्या शेततळ्यावरून दोन-दोन, चार-चार किलोमीटर पाणी नेणारे शेतकरी आज सर्वत्र आहेत. कोरडवाहू माळावर डाळिंब किंवा द्राक्षाची बाग उभी राहते ती या जमिनीखालच्या लाइनच्या जोरावर, आणि अनेकदा तिच्यासाठी कर्जही काढलेले असते. एवढ्या मोलाची ही लाइन पुष्कळ ठिकाणी केवळ तोंडी शब्दावर दुसऱ्याच्या रानातून गेलेली असते. तिचा नकाशा नसतो, करार नसतो आणि सातबारावर तिच्याविषयी एक ओळही नसते. या विषयाकडे महसूल खात्याचे आणि शेतकरी बांधवांचेही लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कायद्यात तरतूद नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 49 नुसार, ज्याचा पाण्यावर हक्क आहे त्या शेतकऱ्याला शेतीसाठी ते पाणी शेजाऱ्याच्या जमिनीतून न्यायचे असेल आणि शेजारी संमती देत नसेल, तर त्याला तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून आणि चौकशी करून तहसीलदार तशी परवानगी देऊ शकतात. लाइन शक्यतो जवळच्या मार्गाने न्यावी, जरुरीपेक्षा जास्त जमीन खणू नये, खणलेली जमीन स्वखर्चाने पूर्ववत करून द्यावी, नुकसान झाल्यास भरपाई द्यावी आणि पुढे दुरुस्तीसाठी रानात उतरण्यापूर्वी शेजाऱ्याला आगाऊ सूचना द्यावी, अशा अटी त्यात आहेत. लाइनमधून जादा पाणी उपलब्ध असेल, तर योग्य दर देऊन ते वापरण्याचा हक्कही या कलमाने शेजाऱ्याला दिला आहे. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण जो शेतकरी आपल्या बांधातून लाइन जाऊ देतो त्याच्याही पिकाला अडीअडचणीला एखादे पाणी मिळावे, हा न्याय त्यात आहे. दुर्दैवाने ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

याच कलमातील दोन आकडे मात्र आता बदलायला हवेत. जमिनीखालच्या पाइपसाठी शेजाऱ्याला द्यायचे वार्षिक भाडे दर 10 मीटरला 25 पैसे असे ठरवलेले आहे. म्हणजे संपूर्ण एक किलोमीटर लाइन एखाद्याच्या जमिनीतून गेली, तरी त्याला वर्षाला 25 रुपये मिळतील. ज्या माणसाचे रान खणले जाणार, ज्याला पुढे तिथे विहीर किंवा घर बांधताना त्या लाइनचा विचार करावा लागणार, त्याने एवढ्या मोबदल्यावर राजीखुशीने संमती द्यावी ही अपेक्षा रास्त नाही. त्यामुळे बोलणी फिसकटतात, किंवा मग रक्कम हातोहात दिली जाते आणि तिची कुठेही नोंद राहत नाही.

दुसरा आकडा खोलीचा आहे. पाइप जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान अर्धा मीटर खाली असावा, एवढीच कायद्याची अट आहे. अर्धा मीटर म्हणजे दीड फुटाहून थोडे जास्त. बैलांच्या नांगराच्या काळात ही खोली पुरेशी असेल. आज पलटी नांगर फूटभर खाली जातो, खालचा कठीण थर फोडणारा सबसॉयलर त्याहूनही खोल जातो, आणि जेसीबीने सपाटीकरण केले की चढावरची फूट-दीड फूट माती सहज कापली जाते. लाइन टाकली तेव्हा पुरेशी खोल असलेली नळी अशा सपाटीकरणानंतर नांगराच्या फाळाला लागते. म्हणून किमान खोली तीन फूट, म्हणजे साधारण एक मीटर केली पाहिजे आणि कठीण खडक लागल्यासच तीत सवलत द्यावी, असे माझे मत आहे.

खोलीइतकेच महत्त्व काम नीट करण्याला आहे, कारण दुसऱ्याच्या रानात लाइन फुटली की भांडण तिथूनच सुरू होते. मुरमाड जमिनीत चराच्या तळाशी बारीक मातीचा थर न देता पाइप ठेवला आणि वरून जेसीबीने दगडगोटे लोटले, तर एखादा टोकदार दगड वर्ष-दोन वर्षांत पाइपला छेद देतो. भर उन्हात जोडून लगेच बुजवलेली पीव्हीसी लाइन थंड झाल्यावर आखडते; तापमानात 20 अंशांचा फरक पडला, तर 100 मीटरमागे ही आखड सुमारे 12 ते 15 सेंटीमीटर असते आणि तिचा सगळा ताण सांध्यांवर येतो. त्यामुळे चर सकाळच्या गारव्यात बुजवावा आणि त्याआधी सांधे उघडे ठेवून, पूर्ण दाबाने पाणी सोडून लाइन तपासावी. चढाच्या माथ्यावर अडकलेली हवा सोडायला एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ काढायला वॉशआउट बसवणे हा वायफळ खर्च नव्हे. पाइपच्या व्यासातही काटकसर करू नये. तेवढेच पाणी 75 ऐवजी 90 मिलिमीटरच्या पाइपमधून नेल्यास घर्षणात वाया जाणारा दाब निम्म्याहून कमी होतो आणि लांब लाइनला हा फरक मोटारीच्या वीजबिलात वर्षानुवर्षे दिसतो.

नोंद नसल्याने काय होते, ते आमच्या भागात पाहिले आहे. एका शेतकऱ्याने वडिलांच्या हयातीत शेजाऱ्याच्या संमतीने लाइन टाकली होती. पुढे दोन्ही घरांतली जाणती माणसे गेली, शेजारच्या वारसांनी जमीन विकली आणि नव्या मालकाने सपाटीकरणाला जेसीबी लावला. लाइन फुटली तेव्हा ती नेमकी कुठून जाते, हेच कोणाला सांगता येईना. नवा मालक म्हणाला, की खरेदीपूर्वी मी सातबारा पाहिला होता आणि त्यात काही नव्हते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद राहिले आणि फळधारणा झालेल्या डाळिंबाच्या झाडांची फळे जागच्या जागी सुकून गेली.

रस्त्याच्या रुंदीकरणासाठी भूसंपादन होते तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. संयुक्त मोजणीत झाडे, विहिरी आणि पाइपलाइन यांचे मूल्यांकन होते. परंतु लाइन दुसऱ्याच्या गटातून गेलेली असेल आणि तिचा कसलाही कागद नसेल, तर ती आपली आहे हे सिद्ध करता करता शेतकरी थकून जातो.

म्हणून शेतकरी बांधवांना माझी विनंती आहे, की सख्ख्या भावाच्या गटातून लाइन न्यायची असली, तरी गट क्रमांक, दिशा, खोली आणि दुरुस्तीच्या अटी लिहून दुय्यम निबंधकांकडे करार नोंदवावा आणि त्याच्या आधारे सातबाराच्या इतर हक्कात नोंद घेण्यासाठी अर्ज करावा. वाटेत सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असल्यास संबंधित विभागाची आणि नदीतून उपसा करायचा असल्यास जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी लागते, हेही विसरू नये.

शासनाने कलम 49 मधील भाडे आणि खोली सुधारावी आणि त्या कलमाखालच्या प्रत्येक आदेशाची नोंद तहसील कार्यालयानेच आपणहून दोन्ही गटांच्या सातबारावर घ्यावी. जुन्या लाइनसाठीही मार्ग आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून आपल्या पिकाचा छायाचित्रासह, अक्षांश-रेखांशांसह तपशील भरतो. त्याच पद्धतीने दोन्ही खातेदारांच्या संमतीने लाइनची सुरुवात, वळणे, व्हॉल्व्ह आणि शेवट नोंदवण्याची सोय करता येईल. तोवर निदान तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, यंदाची खणाई सुरू होण्यापूर्वी कलम 49 ची माहिती सोप्या मराठीत प्रत्येक गावच्या चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक