ब्रश थांबवू नकोस

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तू ब्रश बंद करून नुसत्या चुळा भरतेस, हे काल फोनवर ऐकलं आणि राहवेना. ब्रश आजच हातात घे. मऊ केसांचा घे, पण घे.

पाचव्या महिन्यात हे होणं नवीन नाही. माझ्या दवाखान्यात अशा कितीतरी मुली येतात. गरोदरपणात हार्मोन्स वाढतात आणि दातांच्या कडेला जमलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे हिरड्या एरवीपेक्षा जास्त लाल होतात, सुजतात. रक्त त्या थरामुळे येतं, ब्रशमुळे नाही. एखादीच्या दोन दातांमधल्या हिरडीवर लालभडक गाठ येते, पोरी रडकुंडीला येतात. ती कॅन्सरची नसते, बाळंतपणानंतर बहुधा बसते.

ही सूज पूर्ण बरी होते. पण दुर्लक्ष झालं तर काहींच्या बाबतीत ती हिरडीखाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. तोच पायरिया. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. ती ५-६ मिलिमीटर झाली की आत ब्रश पोचत नाही, आणि गेलेलं हाड सहसा भरून येत नाही.

तुझी आजी मिश्री लावायची, आठवतं? तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त दिसत नाही, आत हाड मात्र झिजत राहतं. साठीच्या आत तिचे दात हलायला लागले आणि घरात सगळ्यांनी ते वयावर घातलं. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तुला निदान वेळेत कळलंय.

याच महिन्यात दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घे, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. गरोदर असल्याचं तिथे आधी सांग. साफ केल्याने दात ढिले होतात असं कोणी म्हणेल, ऐकू नकोस. हाड झिजल्याने दात ढिले झालेले असतात, कीटण निघालं की ते जाणवतं एवढंच.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नकोस, आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भर. आणि साखरेच्या तपासणीचा रिपोर्ट मला पाठव. साखर वाढलेली असली तर हिरड्या लवकर सुधारत नाहीत.

तुझी,
आई