काकूचं बरड

प्रिय दोस्ता,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. कामात नव्हतो. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं बोलून गेलो असतो. इकडे सारे बरे, आईची साखर ताब्यात आहे.

काकूचं बरड मी विकून दिलं. इसार झाला, रजिस्ट्री पुढच्या महिन्यात. तेच मुरमाड बरड, जिथं तूर कधी कमरेला लागली नाही. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हापासून नागपूरचे लोक वावरं पाहायला येतात, घेणारा त्यातलाच. घोडे पाळतो, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या दोन मारवाडी घोड्या आहेत. मी आधी नदीकाठची काळी जमीन दाखवली. त्यानं टाच रुतवून पाहिली अन् म्हणाला, "पावसाळ्यात या गाऱ्यात खूर सडतील, उन्हाळ्यात भेगेत पाय गेला तर घोडी कामातून गेली." बरडावर मात्र वाकून मूठभर मुरूम उचलला आणि हसला. पंधरा वर्षांत बरड पाहून खूश झालेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मग त्यानं विचारलं, "आतून कोणाची वहिवाट? घोड्या मोकळ्या सोडायच्या, चारही बाजूंनी कुंपण घालीन." मी नाही म्हणालो.

सातबाऱ्यावर इतर हक्कात काही नाही, गाव नकाशात रेघ नाही. पण उगवतीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मागच्या चार वावरांच्या बैलबंड्या जातात, त्यात तुझंही वावर आहे. तुझ्या बाबांनी आणि काकांनी तोंडी ठरवलेला रस्ता. तिथंच आपली कापसाची बंडी उलटली होती. कासरा तुझ्या हातात होता, बे! अजून माझं नाव सांगतोस.

इसाराच्या दिवशी काकूनं एवढंच विचारलं, "रस्ता तं राहीन ना, बापू?" मी मान हलवली. एकाच रस्त्याची दोघांना दोन उत्तरं दिली. तेव्हापासून झोप नाही.

कुंपण पडलं की मागचे कास्तकार तहसीलदाराकडे जातील. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यात अडवलेला रस्ता मोकळा करून मिळतो, अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पण तारखा चालू असताना पेरणी थांबते का? आणि आता खरं सांगितलं अन् तो फिरला तर? इसाराचे पैसे काकूनं बँकेत भरून बोजा उतरवला. परत कुठून देईल?

मी ठरवलं आहे. धुऱ्यालगत बारा फूट सोडून कुंपण आत घ्यायचं, रस्त्याचा हक्क विक्रीपत्रात लिहायचा, आणि तेवढ्या जागेचे पैसे माझ्या दलालीतून कमी करायचे. बंडीच्या आवाजानं घोडी बुजते म्हणेल. म्हणू दे, त्या बाजूला सुबाभूळ लावून देतो.

पोरीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. नव्या नोकरीचं सविस्तर लिही.

रविवारी सकाळी आठला त्याला वावरात बोलावलं आहे. काका गेले, तुझे बाबा गेले. तो शब्द ऐकलेले आपण दोघंच उरलो. शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं नीघ. बोरीपाशी थांबतो.

तुझाच,
बंडीवाला