सुटलेल्या तुकड्याबद्दल

लायडन, नेदरलँड्स

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने तुझ्या कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट पाठवला. त्यातला 'सिक्वेस्टर्ड' हा शब्द ऐकल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही म्हणे. गेल्या वर्षी माझ्याही रिपोर्टात हाच शब्द होता. फोनवर घाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहितोय.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं, आत मऊ गर. कडं फाटून गर बाहेर येतो, आणि कधी तो गादीपासून पार सुटतो; त्यालाच 'सिक्वेस्टर्ड' म्हणतात. तुझा तसा सुटलाय, एल-फाइव्ह एस-वनला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या गादीशी. तिथली नस मांडीच्या मागून, पोटरीतून करंगळीकडे जाते. म्हणून कंबर कमी आणि पाय जास्त ठणकतो.

पण दादा, सुटलेला तुकडाच बऱ्याचदा सगळ्यात चांगला जिरतो. शरीर त्याला परका समजतं, पांढऱ्या पेशी येऊन त्याला हळूहळू खाऊन टाकतात. नुसती फुगलेली गादी इतक्या सहज मागे जात नाही. माझा पाय तिसऱ्या महिन्यात मोकळा झाला, ऑपरेशनशिवाय.

माझंच उदाहरण धरून चालू नकोस. 2007 साली लायडनच्या डॉक्टरांनी सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पाय ठणकणाऱ्या, 283 रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय ठणकायचा लवकर थांबला. वर्षाअखेर मात्र दोन्हीकडचे जवळपास 95 टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. तेव्हा दुखणं सोसवेना तर जरूर करून घे, पण त्या एका शब्दाला भिऊन नको.

लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ झपाट्याने जायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल. हे वहिनीलाही वाचून दाखव.

महिनाभर पडून राहू नकोस, अंगणात थोडं थोडं चाल. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी हाडवैद्याकडून कंबर मोडून घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

एक कर. भिंतीला हात टेकून एकेका पायाच्या चवड्यावर उभा राहा, टाच वर-खाली कर. प्रत्येक पायाने किती वेळा जमतं ते मोजून ठेव, पायातलं बळ त्यावरून कळेल. रविवारी फोन करतो, तेव्हा आकडे सांग. तेच डॉक्टरांनाही दाखव.

आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा