म्युनिकच्या ताईंना, मनापासून

ती. ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही मला जे सांगितलंत, ते जर्मनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

गणपतीच्या आरतीनंतर आपली ओळख झाली आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "टपालपेटीवर नाव लावलंस का?" इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि टॅक्स नंबर काय, कार्डाचा पिन काय, सगळं टपालानेच येतं. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी करायची, त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण खरे आभार मानायचेत ते त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळचे. व्हिसा संपत आलेला, इथे राहण्याच्या परवान्यासाठी अपॉइंटमेंट मिळत नव्हती, आणि तिकडे साताऱ्याला बाबा आयसीयूमध्ये. तुम्ही ऑफिसातून थेट आमच्याकडे आलात. "व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला पाहिजे, आणि पोचल्याचा पुरावा हातात पाहिजे," एवढंच म्हणालात आणि माझ्याशेजारी बसलात. फॉर्म मात्र मलाच भरायला लावलात. प्रत्येक रकाना काय विचारतो ते समजावत राहिलात. त्या रात्रीपासून सरकारी लिफाफा उघडताना माझा हात थरथरत नाही.

पुढे फिक्शन्सबेशायनिगुंग, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला मिळाला, तेव्हा तिकीट काढण्याआधी तुम्ही त्यावरची खूण तपासलीत. निवास कायद्याच्या कलम 81 मधल्या चौथ्या पोटकलमासमोर खूण असेल, तर आधीचा परवाना चालू धरतात आणि भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्यासमोर असेल, तर इथे राहता येतं, पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. माझी खूण चौथ्यासमोर होती. ती पाहून तुमचेच डोळे भरून आले होते, ताई. सख्खी बहीण याहून वेगळं काय करते?

मी वेळेवर पोचले. बाबा आता घरी आहेत, अंगणात फेऱ्या मारतात आणि फोनवर तुमची चौकशी करतात.

परवान्याचं कार्ड परवा आलं. रविवारी सगळे जेवायला या. आईने तुमच्यासाठी मेतकूट दिलं आहे.

तुमची,
साताऱ्याची धाकटी बहीण