चुकीच्या गोलावर ओरडलो

प्रिय मित्रा,

आठ महिने उत्तर दिलं नाही. शिव्या आधी घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून कुरकुरते, घरी सगळे मजेत. झालं.

गेल्या रविवारी मी आपल्या फुटबॉलच्या मैदानावर, आपल्या त्याच पायरीवर, अंगात आपलीच विटलेली जर्सी घालून ‘गोऽऽल’ म्हणून ताडकन उभा राहिलो. दोन्ही हात वर. गोल आपला नव्हता. तिकडे इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा होता. फोनवर.

आता खरी गंमत ऐक. त्याच क्षणी आपल्या गोलकीपरच्या हातातून चेंडू निसटून जाळ्यात गेला होता आणि तो बिचारा गुडघ्यांवर बसला होता. हरलो तर खालच्या गटात जाणार, असा सामना. अख्खा स्टँड गप्प, आणि मधोमध मी एकटा नाचतोय. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल सांग. समोरच्या संघाचे चार पोरगे पलीकडून मला हात करत होते!

काका खालच्याच पायरीवर होते. त्यांनी मागे वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि परत तोंड फिरवलं. बोलले काहीच नाहीत. तुला माहीत आहे ते रेफरीच्या सात पिढ्या कशा उद्धरतात. मला एक साधी शिवी दिली असती तरी मी हसून बाजूला बसलो असतो.

नंतर कळलं, तो फोनवरचा गोलही ताजा नव्हता. चित्र अर्ध्या मिनिटाने मागे असतं ना. म्हणजे शिळ्या गोलावर ओरडलो आणि डोळ्यांसमोरचा पाहिलाच नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आपण बरोबरी केली, कॉर्नरवरून, गोंधळातून, आपल्याला शोभेल असा घाणेरडा गोल. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. ओरडायचा हक्क संपल्यासारखं वाटलं. ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? बायकोला सांगितली, तर ती म्हणाली, “मग? बरोबरी झाली ना?”

तू आता मिशीत हसत असशील. ‘प्लास्टिक’, म्हणजे नकली चाहता, हे नाव तूच मला ठेवलंस, २००५ मध्ये, त्या इस्तंबूलच्या लिव्हरपूल-मिलान चँपियन्स लीग फायनलच्या रात्री. मध्यंतराला मिलान ३-० पुढे, आणि तू “संपलं रे” म्हणून चादर ओढून झोपलास. ५४व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर, मग श्मित्सर, मग अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, मी तुला लाथा घालून उठवतोय आणि तू ढिम्म. दुदेकने शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा डोळे चोळत उठलास आणि वर मलाच म्हणालास, “ज्यांना तू जिवंत आहेस हेही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी रडतोस? प्लास्टिक!” आजही तू सांगत फिरतोस की तू जागा होतास. नव्हतास. घोरत होतास.

पण लेका, तुझं ते वाक्य मला परवा रात्री नीट कळलं. लिव्हरपूलशी मी बेइमानी करायची म्हटली तरी करता येणार नाही. उद्या मी त्यांच्याच गावातल्या वैरी एव्हर्टनची जर्सी घातली तर तिथे कोणाची भाकरी करपणार आहे? इथे मात्र फोनकडे नुसतं पाहिलं तर एक माणूस तोंड फिरवतो. २०२१ चा एप्रिल आठवतो? मालकांनी कोणालाही न विचारता बड्या युरोपियन क्लबांच्या त्या वेगळ्या सुपर लीगमध्ये नाव घातलं, तिथले लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. नंतर आमच्या मालकाने व्हिडिओवर चाहत्यांची माफी मागितली. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला होता. त्या ‘चाहत्यां’मध्ये मी मोजलो गेलो होतो का, हे काही कळलं नाही.

आणि तू फार नाक वर करू नकोस. जर्मनीत क्लबच्या सभासदांच्या हातात पन्नास टक्के अधिक एक मत असतं, हे तू मला किमान दोनशे वेळा ऐकवलं आहेस. त्यातलं एक तरी मत तुझं आहे का? शिवाय तुझा डॉर्टमुंड २००० पासून शेअर बाजारात आहे, हे सांगायला बरा विसरतोस.

एकदाच मी लिव्हरपूलच्या तिथल्या चाहत्यांच्या बरोबरीचा होतो. २०२० मध्ये, तीस वर्षांनी लीग जिंकली तेव्हा. टाळेबंदीचे दिवस. त्या रात्री लिव्हरपूल खेळतही नव्हतं, चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवलं आणि आम्ही घरबसल्या चँपियन. पुढे करंडकही आमच्या रिकाम्या ॲनफिल्ड मैदानावर उचलला. आयुष्यभर तिथल्या कॉप स्टँडमध्ये उभा राहिलेला म्हातारा आणि मी, दोघेही टीव्हीसमोर. तो आनंद खोटा होता असं तू म्हणालास तर या वेळी खरंच भांडण होईल.

स्वतःच्या बचावासाठी मी काय काय शोधलं ते सांगतो. इंग्लंडमध्ये २०१० पासून ‘नॉन-लीग डे’ पाळतात. देशांच्या सामन्यांमुळे मोठ्या क्लबांना सुट्टी असते, त्या शनिवारी त्यांचे चाहते जवळच्या छोट्या संघाच्या मैदानावर जातात. म्हणजे दोन संघ असणं हे काही पाप नाही. हे वाचून मला पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते एकाचा खेळ बंद असतो तेव्हाच दुसऱ्याकडे जातात. एकाच्या पायरीवर बसून दुसऱ्याला मांडीवर घेत नाहीत.

तुझी नवी नोकरी कशी आहे? आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? धाकटी आता चालायला लागली असेल. तिला कोणती जर्सी घातलीस हे कळवू नकोस, मला माहीत आहे.

तर, या रविवारी परत सामना आहे. लिव्हरपूलचाही नेमका त्याच वेळी. मधल्या बुधवारी मी गेलोच नाही, पाठ दुखते असं सांगितलं. पाठ दुखत नव्हती. काकांना जाऊन सरळ सांगू का, की तो गोल भलतीकडचा होता? की ते आणखी वाईट दिसेल? विरोधी संघासाठी ओरडणारा वेडा म्हणून सोडून देतील, पण सात समुद्रांपलीकडच्या संघासाठी ओरडला म्हटल्यावर? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस, तेव्हा रविवारच्या आत उत्तर पाठव.

जाणार तर आहेच. फोन घरी ठेवीन आणि तो सामना रात्री रेकॉर्डिंग लावून बघीन. मधेच निकाल कळवलास तर याद राख.

तुझा,
प्लास्टिक