पोटाला हात न लावता 'कॅन्सर नाही' कसं लिहिता?

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या वस्तीत पुन्हा महिला कर्करोग तपासणी शिबिराचा फलक लागलाय, वर आपला फोटो. आशाताई माझं नाव लिहून घ्यायला आल्या. मी त्यांना माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, मागच्या शिबिरातलं कार्ड दाखवलं. तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, तिन्हींपुढे 'ठीक' आणि खाली पेनाने लिहिलंय: कॅन्सर नाही. त्या दिवशी तिच्या पोटात अंडाशयाचा कॅन्सर पसरलेला होता. पोटाच्या सोनोग्राफीची सोय महिन्याभरात इथेच होईल, असा शब्द त्याच मंचावरून दिला गेला होता. यंत्र आलं नाही, नवा फलक मात्र आला.

अक्का विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसायचं. तेच सूप पोटाला अडायला लागलं. परकराची नाडी पुरेना म्हणून तिने तिला दुसरी नाडी जोडली. दोन घासांत पोट भरायचं, लघवीला सारखं उठावं लागायचं. दाखवलं तिथे आधी गॅस सांगितला, मग पाळी जायचं वय. गोळ्या घेऊन ती परत सुपाशी बसायची. शेवटी श्वास लागायला लागला तेव्हा पोटात सुई घालून पाणी काढलं. गढूळ, पिवळसर पाणी नळीतून उतरत होतं आणि एक कॅन भरला की सिस्टर दुसरा लावत होत्या. तिसरी स्टेज निघाली.

हा आजार वाढतो कसा, ते मी डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घेतलं. आपणही घ्या, कारण आपलं शिबिर नेमकं इथेच चुकतं. या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा आणि घातक प्रकार बहुतेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. बीजवाहिनीच्या, म्हणजे अंडाशयातलं बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीच्या, झालरीसारख्या टोकाशी एखाद्या पेशीतला पी-53 हा जनुक बिघडतो. बिघडलेल्या पेशीला थांबवणं हे त्याचं काम. 2011 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात या प्रकारच्या 100 पैकी 96 गाठींमध्ये तो बिघडलेला होता. तिथल्या पहिल्या खुणेपासून अंडाशयात गाठ होईपर्यंत सरासरी साडेसहा वर्षं जातात, असा 2017 च्या संशोधनाचा अंदाज आहे. गाठ झाल्यावर मात्र हा कॅन्सर फार वेळ देत नाही. पसरायला त्याला रक्तवाहिनीच लागते असंही नाही. पेशी सुटतात, पुंजके करून पोटातल्या पाण्यात तरंगतात आणि श्वासपटलाखाली, आतड्यांवर, आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर रुजतात. ती चरबीच त्यांचं खाद्य होते. पाण्याचा निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात, आणि पोट फुगतं. हातालाही न लागता हे सगळं होतं. तोंड आणि स्तन तपासून ते दिसणार कसं?

आपले अधिकारी सांगतील की या कॅन्सरची सरसकट तपासणी जगात कुठेच उपयोगी ठरलेली नाही. मला माहीत आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना वर्षानुवर्षं तपासलं, आणि 2021 मध्ये कळलं की त्यातून मृत्यू कमी झाले नाहीत. मी धडधाकट बाईची सोनोग्राफी मागतच नाहीये. पोट फुगलंय, जेवण जात नाही, असं जी बाई स्वतःच्या तोंडाने सांगते तिची मागतेय. त्याच ब्रिटनमध्ये 2011 पासून सूचना आहे की अशी लक्षणं वारंवार येत असतील तर, विशेषतः पन्नाशीनंतर, सीए-125 ची, म्हणजे या कॅन्सरमध्ये बहुतेकदा वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करायची आणि ती वाढलेली असली तर सोनोग्राफी. आमच्याकडे अँटासिड देतात. देशात वर्षाला 47 हजारांच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि 32 हजारांवर दगावतात. पहिल्या स्टेजला सापडला तर दहातल्या नऊजणी पाच वर्षं पार करतात. तिसरीत निम्म्याही नाही.

5 लाखांच्या विम्याच्या जाहिराती एसटीवर बघते. तो विमा बाई दाखल झाल्यावर कामाला येतो. त्याआधीची साधी सोनोग्राफी आम्ही अक्काच्या कानातली गहाण टाकून केली. लाखांचं ऑपरेशन करायला सरकारकडे पैसे आहेत, मग आजार लवकर पकडता येईल तेव्हा हजार-दीड हजार का नसतात? विडी कामगार बाई मतदार यादीत बरोबर सापडते. ती पोट धरून रांगेत उभी राहिली की कुणालाच दिसत नाही.

आणि आता माझं. अक्काच्या जनुक तपासणीत बीआरसीए-1 या जनुकाचा, घराण्यात उतरणारा दोष निघाला. म्हणजे सख्खी बहीण म्हणून माझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि असला तर आयुष्यात हा कॅन्सर होण्याचा धोका साधारण 40 टक्के. वेळेत कळलं तर बीजवाहिन्या आणि अंडाशय काढून तो पुष्कळ कमी करता येतो. पण माझी तपासणी कुठल्या योजनेत बसते, हे एकही खिडकी सांगत नाही. ही म्हणते तिकडे जा, ती म्हणते मुंबईला जा. अक्काला केमोसाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने नेते आणि गाडीत स्वतःचंच पोट चाचपत बसते. जेवणानंतर जरा जड वाटलं तरी झोप उडते. माझी मुलगी बारावीला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

शिबिराच्या कार्डावर 'कॅन्सर नाही' लिहिणं आधी बंद करा. जे तपासलं तेवढंच लिहा, आणि अंडाशय तपासलेलं नाही हेही ठळक लिहा. आशाताईंना ही लक्षणं शिकवा. पोट फुगलेल्या बाईला आठवड्याच्या आत सीए-125 आणि सोनोग्राफी फुकट मिळाली पाहिजे, आणि यंत्राबरोबर ते चालवणारा डॉक्टरही हवा. ज्या घरात हा दोष सापडलाय तिथल्या बहिणींची आणि मुलींची तपासणी सरकारने करावी.

शिबिर पुढच्या महिन्यात आहे. यातलं काय होणार आणि कधी, ते त्याआधी लेखी कळवा. मी अक्काचं कार्ड घेऊन तिथे येणार आहे.

आपली,
एका विडी कामगाराची धाकटी बहीण
सोलापूर