भूतानला जायचंच तर फेब्रुवारीत जा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गुंतवणुकीच्या संधी शोधायला आपलं शिष्टमंडळ भूतानला निघालंय. कार्यक्रमपत्रिका वाचली: महिना ऑक्टोबर, दिवस पाच, त्यात तक्त्सांगचा मठ आणि चौथ्या दिवशी दुपारी दोन ते चार 'जलविद्युत प्रकल्पास भेट'. मागच्या दौऱ्याचा अहवाल महिनाभरात जाहीर करतो म्हणाला होतात. तो अजून यायचाय. हा दौरा मात्र वेळेवर आला.

ऑक्टोबरात नदीला पावसाचं पाणी असतं, यंत्रं गरगरत असतात, फोटो झकास येतात. तिथले प्रकल्प बहुतेक वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नाही. हिवाळ्यात निर्मिती जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते आणि २०२२ पासून भूतान त्या महिन्यांत भारताच्या वीजबाजारातून वीज विकत घेतो. म्हणून म्हणतो, फेब्रुवारीत जा. थंडी वाजेल, पण हिशेब कळेल. ताला प्रकल्प १,०२० मेगावॅटचा. वर्षभर अखंड चालला तर ८,९३५ दशलक्ष युनिट व्हायला हवीत. आराखड्यातच धरलीत ४,८६५. सामंजस्य कराराच्या मथळ्यात मेगावॅट येतात, कर्जाचा हप्ता युनिटांवर फिटतो. एवढं तरी सचिवांनी सांगितलं असेल ना?

दुसरं, गाळ. वीजघरात झेंडूचे हार घेण्याआधी दुरुस्तीसाठी उतरवलेला रनर, म्हणजे पाण्याच्या माऱ्याने फिरणारं टर्बाइनचं चाक, दाखवा म्हणावं. हिमालयातल्या गाळात क्वार्ट्झ असतो, पोलादापेक्षा कठीण. गाळ बसवायच्या कक्षात साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा जाड कण खाली बसतात, त्याहून बारीक पुढे जातात आणि आठशे मीटर उंचीच्या दाबाने पेल्टन चाकाच्या कडेच्या वाट्या नि नोझलच्या सुया खरवडतात. वाटीची मधली धार बोथट झाली की पाणी नीट दुभंगत नाही, कार्यक्षमता घसरते. टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात, तोही झिजतो. तेव्हा जादा रनरचा खर्च आणि दुरुस्तीत बंद जाणारे दिवस प्रस्तावात धरलेत का, एवढं विचारा. उत्तराऐवजी चहा आला तर समजून घ्या.

तिसरं, डोंगर. भूतानमधल्याच पुनात्सांगछू-१ प्रकल्पाचं काम २००८ मध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजवा काठ घसरला. साडेतीन हजार कोटींचा अंदाज नऊ हजार कोटींच्या पुढे गेला. त्या काठावर उभं राहा, वरच्या तड्यांकडे बघा, मग सही करा. बोगद्यावर हजार मीटर डोंगर असेल तर वरून जागोजागी छिद्रं पाडता येत नाहीत. कामाच्या तोंडाशीच पुढे वीस-तीस मीटर शोधछिद्र घेत जावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि वेळापत्रक तुम्ही उद्घाटनाच्या तारखेवरून उलटं मोजता! मग खडकाऐवजी चिखल आणि पाणी लागलं की ते 'कंत्राटदाराचं अज्ञान' ठरतं. बँक गॅरंटी जप्त, वाढीव कामाचं बिल लवादात, निकाल लागेपर्यंत यंत्रं भंगारात. आमच्या धंद्यातली किती माणसं यात बुडाली, ते एकदा मोजा. भूगर्भाचा धोका कुणाच्या माथी, हे करारात पहिल्या पानावर लिहा, एवढंच मागणं वर्षानुवर्षं आहे.

पैशाचंही तसंच. चुखा आणि ताला हे जुने प्रकल्प ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्जावर झाले. नंतरच्या मांगदेछू प्रकल्पाला ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. म्हणजे चुखाच्या जुन्या दराचा दाखला देऊन आज स्वस्त विजेची भाषणं करणं ही शुद्ध फसवणूक आहे. पण आपल्याकडे भाषण करणाऱ्याला हप्ता भरावा लागत नाही. आराखडा करणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, फीत कापणारा तिसराच; आणि काठ घसरतो तेव्हा तिघांचीही बदली झालेली असते.

तर पत्रिकेतले ते दोन तास दोन दिवस करा, सोबत एक भूगर्भतज्ज्ञ आणि एक लेखापाल न्या. जागा नसेल तर शिष्टमंडळातले दोन आमदार कमी करा, प्रकल्पाचं काही अडणार नाही. आणि दौऱ्यावर निघण्यापूर्वी मागचा अहवाल जाहीर करा, विमानतळावर वाचायला तुम्हालाही होईल.

आपला,
बोगद्याची कामं करणारा एक उपकंत्राटदार